ज्येष्ठमध, तूप आणि न वापरलेली बाटली

तिसऱ्या आठवड्यात आईने बोलणे जवळजवळ थांबवले. एकेक शब्द तिच्या तोंडातून काट्यांवरून ओढत आणल्यासारखा येत होता. मखमलाबादच्या आमच्या फुलांच्या मळ्यात बांधाच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या बायकांना हाक मारणारी ती बाई आता माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बोटांच्या खुणेने पाणी मागत असे.

नव्या शतकाची ती पहिलीच वर्षे. आईच्या डाव्या गालाच्या आत, शेवटच्या दाढेजवळ, एक गाठ निघाली होती. ती कापून काढल्यावर डॉक्टरांनी तीस शेक सांगितले. रेडिएशनला दवाखान्यातले सगळे शेकच म्हणत आणि त्या शब्दाने मला बरे वाटे, कारण त्यात चूल होती, ऊब होती. आई शेकासाठी माझ्याकडे शहरात राहायला आली. सोमवार ते शुक्रवार रोज साडेदहाला आम्ही रिक्षाने जात असू. तिच्या मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा ओढलेल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत अशी ताकीद होती. नहाताना ती मान अशी ताठ धरी, जणू डोक्यावर घागर आहे.

गाठीचे कारण डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळले होते. आई लग्नाच्या आधीपासून मिशरी लावत असे. तव्यावर तंबाखू काळीठिक्कर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि पहाटे मागच्या पायरीवर बसून तर्जनीने हिरड्यांवर चोळायची. माझ्या बालपणाच्या सगळ्या सकाळींना त्या भाजक्या तंबाखूचा वास आहे. गोड, कडवट, थोडासा ओल्या राखेसारखा. शस्त्रक्रियेच्या आधी आईने कमरेची डबी काढून माझ्या हातात ठेवली होती. "घे. टाकून दे," एवढेच म्हणाली होती. ती मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली आणि हा विषय संपला असे धरून चालले.

शेकाने तोंड आतून सोलवटते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून सहा वेळा; तिखट नाही, आंबट नाही, गरम नाही. आणि एक बाटली दिली होती, गुलाबी, दाट औषधाची. जेवणाआधी दहा मिनिटे ते तोंडात घोळवून थुंकायचे. तोंड बधिर होते, घास उतरतो.

"ताई, दोन गोष्टी लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. "शेकात खंड पडता कामा नये. आणि आजींचं वजन अडतीस किलोच्या खाली गेलं, तर मला नाकातून नळी घालावी लागेल आणि तोंड सावरेपर्यंत शेकही थांबवावे लागतील."

आई तेव्हा नीट बोलू शकत होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला. "नळी घातली ना, तर मी त्याच दिवशी घरी जाईन. पुढचा शेक घेणार नाय. सांगून ठेवते." व्हरांड्यात नळी लावलेला एक माणूस बसलेला तिने पाहिला होता. त्याची बायको त्याच्या नाकाशी पिचकारीने दूध सोडत होती आणि तो भिंतीकडे पाहत होता.

आईचा शब्द मला माहीत होता. म्हणजे अडतीस हा आकडा केवळ वजनाचा उरला नव्हता. त्याच्या खाली नळी होती, नळीच्या पुढे अर्धवट सोडलेला उपचार होता आणि त्याच्याही पुढचे मी मनात येऊ देत नव्हते. पहिल्या दिवशी तिचे वजन चव्वेचाळीस भरले होते.

ती गुलाबी बाटली मी उघडली आणि हुंगली. स्पिरिट, कसलासा कृत्रिम पुदिना आणि त्याखाली धातूचा वास. औषध बोटाला लावून जिभेवर ठेवले, तर जीभ माझी राहिली नाही. मला ते औषध वैऱ्यासारखे वाटले. ज्या तोंडाने आईने मला ओव्या ऐकवल्या, त्याला आणखी मारायचे? मी झाकण लावले आणि बाटली कपाटात, डब्यांच्या मागे ठेवून दिली. चार दिवसांनी डॉक्टरांनी विचारले, "बाटली वापरताय ना?" मी म्हणाले, "हो."

त्या एका अक्षरासाठी मी आजवर बरीच कारणे शोधली आहेत. खरे कारण साधे होते. माझ्याकडे त्याहून सुंदर असे काही आहे, असे मला वाटत होते.

भद्रकालीत काष्ठौषधींचे एक जुने दुकान होते. तिथून मी ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या. खलबत्त्यात कुटताना त्यांचे पिवळे धागे सुटत आणि हवेत बडीशेपेच्या दूरच्या बहिणीसारखा एक गोडवा पसरे. ती भरड पाव हिस्सा पाणी उरेपर्यंत उकळायची, गाळायची आणि मग तो काढा तुपात घालून मंद आचेवर ठेवायचा. तडतड पूर्ण थांबली की पाणी उडाले असे समजायचे. थंड झाल्यावर तूप फिकट सोनेरी, रवाळ होई. शेजारच्या बंगल्यातून जाईची पाने मागून आणून त्यांचाही काढा मी करत असे, गुळण्यांसाठी. सकाळ, दुपार, संध्याकाळ आईला खिडकीपाशी बसवायचे, तोंड उघडायला लावायचे आणि काडीला गुंडाळलेल्या कापसाने ते तूप आत लावायचे.

तिच्या तोंडाच्या आत पाहणे सोपे नव्हते. लालबुंद, त्यावर पांढुरके पापुद्रे, लाळेच्या दाट तारा. कापूस टेकला की तिच्या पायाचे अंगठे वळत. पण ती ओरडत नसे. तूप लागले की क्षणभर तिचे डोळे मिटत आणि मी त्या मिटण्यावर जगत असे.

तुपाने बरे वाटत होते, हे खोटे नाही. कोरडेपणा कमी होई, ओठ चिरत नसत. पण घास उतरण्याइतके ते नव्हते. बाराव्या शेकाला वजन एक्केचाळीस, पंधराव्याला साडेएकोणचाळीस. नाचणीचे सत्त्व, सैल पेज, कोमट दूध. चमचा ओठाशी आला की ती मान फिरवी. "माती लागते," एकदा ती म्हणाली. "तीपण गरम माती." मी वाटी हातात धरून तासतासभर तिच्यापुढे बसे. कधी विनवी, कधी रागावे. एकदा तर मी वाटी आपटली आणि मग फरशीवरची पेज पुसत रडले, तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या रविवारी देवळ्याहून मावशी आली. आईची थोरली बहीण. खांद्यावर कांद्याची पिशवी, हातात घरच्या तुपाची बरणी. आत येताच तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि निरखला.

"काय वं, पार चिपाड व्हयनी तू," ती म्हणाली. "शहरना लोक काय खावाले देतस का नाही?"

"मावशी, तिला गिळवत नाही," मी म्हणाले.

"गिळाई. मी ऊनू ना आते." आता आपण आलो म्हणजे ती गिळणारच, असे तिच्या बोलीतले ते आश्वासन होते.

आणि खरोखरच सोमवारपासून आई गिळू लागली. सकाळी पाऊण वाटी पेज. दुपारी सत्त्व, वर अर्धा पेला दूध. संध्याकाळी मऊ भाताचे पातळ कालवण. चेहरा आंबट करून, थांबत थांबत, पण गिळत होती. मावशीच्या तुपात केलेली नवी ज्येष्ठमधाची वाटी मी अगदी आनंदाने खिडकीत ठेवली. गायीचे तूप, देवळ्याचा चारा, दोन बहिणींची माया; माझ्या मनाने लगेच ओळी जुळवायला घेतल्या. सोमवारी वजन साडेअडतीस होते, अठराव्या शेकालाही तेवढेच भरले. घसरण थांबली होती.

मी इतकी फुशारले की दवाखान्याच्या बाकावर उपदेश करू लागले. मालेगावचे एक विणकर गळ्याच्या शेकासाठी येत. त्यांची बायको रोज माझ्या शेजारी बसे. तिच्या पिशवीत तीच गुलाबी बाटली होती.

"बाजी, ये लगाते तो इनको उलटी जैसा होता," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी मला हाक मारत ती म्हणाली.

"मग राहू द्या ती," मी म्हणाले. "ज्येष्ठमध लावा तुपातून. आमच्या आईला बघा कसा फरक पडला."

"मतलब मुलेठी?"

"हो, मुलेठी."

तिने बाटली पिशवीच्या तळाशी सरकवली. ते मी पाहिले आणि मला समाधान वाटले.

गुरुवारी सकाळी, एकोणिसाव्या शेकाच्या दिवशी, मी नेहमीसारखा कापूस तुपात बुडवला आणि आईच्या खालच्या हिरडीवरून मागे नेला. बाहेर काढला तर कापसावर काळे कण होते.

 मला वाटले, आतले मांस सडते आहे. डॉक्टरांनी कधी काळ्याबद्दल सांगितले नव्हते. लाल सांगितले होते, पांढरे सांगितले होते. मी कापूस उजेडाकडे धरला, मग नाकाजवळ नेला, कारण आयुष्यभर मला जे कळले ते आधी नाकाने कळले होते.

गोड, कडवट, ओल्या राखेसारखा.

आणि त्याच क्षणी आठवले की तो वास मला तीन दिवस येत होता. आईच्या पदराला, न्हाणीघराच्या दाराशी. मावशीच्या सामानाचा असेल, जुन्या लुगड्याचा असेल, असे म्हणून मी तो वास बाजूला सारला होता. मला तूपच दिसायचे होते.

"आई," मी म्हणाले. "मिशरी?"

तिने तोंड मिटले. नजर खिडकीबाहेर.

मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बामच्या रिकाम्या डबीत तिने मिशरी भरून आणली होती. आईच्या उशीखाली होती. पहाटे दोघी न्हाणीघरात जात.

"मावशी, अगं तिला ह्यानंच हे झालं! डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

"माले माहीत शे काय सांगं त्यानी," मावशीचा आवाज चढला. "पन आग शे ना तिना तोंडमा? आग शे का नाही? मिशरीवर तोंड बहिरं व्हस, मंग घास उतरस. तीन दिन जेवनी का नाही ती? तुना काड्याकुड्यावर जेवती का? मी काय जहर दिधं तिले? बहीण शे मनी!"

"जहरच आहे ते!"

"मंग तू दे ना दुसरं काही, तोंड बहिरं करानं! शे का तुनाजवळ?"

 होते ना माझ्याजवळ. चार पावलांवर, डब्यांच्या मागे, झाकणबंद.

आईने बोट वर केले. आम्ही दोघी थांबलो. ती फार सावकाश, ओठ न हलवता बोलली. "तिला नको बोलू. मी मागवली. पोरी, तूप ग्वाड हाय तुझं. पन घास त्यानं नाय उतरत." श्वास घेतला. "डाक्टरला सांगू नको. नळी घालील."

रिक्षात मी आईचा हात धरून बसले होते. रविवार कारंजाच्या चौकात गर्दी तुंबली होती आणि पुढच्या टेम्पोत झेंडूच्या करंड्या होत्या. एरवी आईने वाकून फुलांची जात सांगितली असती. मी मनात दोन वाक्ये घोळवत होते. पहिले मावशीच्या डबीचे. ते सांगणे सोपे होते. त्यात दोष दुसऱ्याचा होता. दुसरे बाटलीचे. पहिले सांगून दुसरे गिळून टाकावे, असा विचार माझ्या मनात आला. आला, हे लिहिणे भाग आहे.

डॉक्टरांच्या टेबलासमोर मी दोन्ही सांगितली. आईने माझा हात झटकून काढून घेतला.

 डॉक्टर टॉर्च घेऊन उठले, आईच्या तोंडात पाहिले, हिरडीच्या मागचा भाग पाण्याने धुतला. "आजी, हे लावून तुम्ही माझ्या शेकाशी भांडताय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तूप लावा, ज्येष्ठमध लावा, मला त्याचं वावडं नाही. विचारून लावा, म्हणजे झालं. पण वेदना मारायला मी जे दिलं होतं ते तुम्ही कपाटात ठेवलंत. मग त्यांनी त्यांना माहीत असलेलं औषध शोधलं. दुसरं काय करणार होत्या?"

वजन केले. अडतीस आणि वर दोनशे ग्रॅम.

"सोमवारपर्यंत थांबतो," डॉक्टर म्हणाले. "काटा अडतीसच्या खाली दिसला, तर नळी. तेव्हा मी आजींचंही ऐकणार नाही आणि तुमचंही."

बाहेर बाकावर मालेगावची ती बाई होती. तिचा नवरा भिंतीला डोके टेकून बसला होता. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "ती बाटली वापरा. मी चुकीचं सांगितलं. त्याने उलटीसारखं होतं हे डॉक्टरांना सांगा, ते काही तरी मार्ग काढतील. पण वापरा."  "आप तो बोले थे ना बाजी, मुलेठी से फरक पड़ा?" मी म्हणाले, मुलेठीने नव्हता पडला. तिने पिशवीच्या तळातून बाटली वर काढली. 

त्या चार दिवसांत घरात सगळे घड्याळावर चालत होते. गुलाबी औषध, दहा मिनिटे, मग वाटी. पहिल्या घोटाला आई ओकारी काढे. बधिर तोंडातून पेज हनुवटीवर ओघळे आणि तिला कळतही नसे. मी पुसत असे. पण उतरत होती. त्या औषधाचा धातूचा वास आता मला कुठल्याही फुलाहून जवळचा वाटू लागला होता.

दुखणे मात्र वेगळ्याच जागी निघाले. पहाट झाली की आई उठून बसे आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप अंगठ्यावर घासू लागे. ती काही मागत नसे. पन्नास वर्षांची पहाट त्या बोटात होती आणि तिला जायला जागा नव्हती. शनिवारी मी ते बराच वेळ पाहिले. मला तेव्हा जाणवले की इतके दिवस मी तिचे तोंड उघडायला लावत होते, काडीने, कापसाने, परक्यासारखी. तिच्या स्वतःच्या तोंडात तिचा हात जायला मी बंदी केली होती.

मी तिला हात साबणाने धुवायला लावले, नखे कापली, खिडकीपाशी पाट मांडला आणि ज्येष्ठमधाच्या तुपाची वाटी तिच्या पुढ्यात ठेवली. काडी नाही, कापूस नाही.

तिने वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तर्जनी तुपात बुडवली, कडेला निथळवली आणि डाव्या हिरडीवरून, मग उजव्या, जुन्या वळणाने फिरवली; जिथे आग होती तिथे बोट उचलून पलीकडे टेकवत. मी कापसाने कधी इतके हलके लावू शकले नव्हते. लावून झाल्यावर तिने सवयीने बाजूला थुंकायला मान वळवली, काही थुंकायचे नाही हे लक्षात येऊन थबकली आणि तिचे खांदे हलले. हसली होती.

मावशी दारातून बघत होती. आत गेली, ती बामची डबी घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवली. "घे," म्हणाली. "माले काय ठाऊक, तुनाजवळ बाटली होती ते."

सोमवारी सकाळी आईला लुगडे नेसवायला मावशीने फार वेळ लावला. रिक्षात चढताना आई जड, अवघडल्यासारखी दिसली. मी तिच्या कमरेला हात लावला तर ओच्यात काही तरी टणक.

"मावशी!"

"दोनच कांदा शेतस, बस," मावशी दुसरीकडे बघत म्हणाली. "काट्याले काय कळस?"

"काढ. आता कुणी काही लपवायचं नाही."

कांदे रिक्षाच्या सीटवर राहिले. दवाखान्यात आई काट्यावर चढली. मदतनीस म्हणाली, "आजी, चपला काढा." आईने चपला काढल्या, जणू देवळात चालली आहे. काटा हलला, मागे आला, पुन्हा हलला. मी आकडा वाचू शकले नाही. डोळ्यांपुढे सगळे पाण्याखालून दिसत होते. आई मात्र सरळ काट्याकडे बघत होती. मळ्यातली फुले विकताना तिने आयुष्यभर फुलबाजारात तराजूची दांडी पाहिलेली होती. कुणी सांगायच्या आतच तिने माझ्याकडे पाहून बोटे दाखवली. आधी तीन. मग आठ. मग तर्जनीचे एक पेर, त्यावर अंगठ्याचे टोक ठेवून: थोडेसे वर.

नळी आली नाही. तिसावा शेक एका शुक्रवारी झाला, एकही दिवस न चुकता. आई यंत्राच्या खोलीतून बाहेर आली, बाकावर बसली आणि पिशवीतून गुलाबी बाटली काढून तिने स्वतःच झाकण उघडले; घरी जाऊन जेवायचे होते.